मधल्या गोलात कोणाचं नाव लिहायचं? (प्राथमिक आरोग्यसेवेवरचा एक पाठ)



सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. "गावात कोणी आजारी पडलं तर त्याला बरं कोण करतं?" उत्तर ठरलेलं असतं. सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "डॉक्टर!" मी फळ्यावर मोठा गोल काढतो आणि मधोमध लिहितो, डॉक्टर.

मग दुसरा प्रश्न. "तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण झाली, तेव्हा बाळाला बघायला कोण कोण आलं होतं?" आता हात भराभर वर येतात. आशाताई आल्या होत्या, त्यांनी झोळीच्या काट्याला अडकवून बाळाचं वजन केलं. सिस्टरने डोस दिला. अंगणवाडीच्या बाईंनी आईला खिचडीचं पाकीट दिलं. एकजण म्हणतो, "१०८ च्या गाडीचा ड्रायव्हर! आईला रात्री तोच घेऊन गेला." एकीला लॅबवाले सर आठवतात, ज्यांनी आईच्या बोटातून रक्त काढलं होतं. नावं लिहिता लिहिता फळा भरतो. शेवटी मी विचारतो, "ही सगळी माणसं कोणासाठी आली होती?" मुलं म्हणतात, "बाळासाठी आणि आईसाठी." मग मी मधलं 'डॉक्टर' पुसतो, तिथे 'आई आणि बाळ' लिहितो आणि डॉक्टरांचं नाव बाकीच्यांबरोबर कडेला घेतो.

पाठ एवढाच आहे. पण हा गोल प्रत्यक्षात कसा चालतो आणि कुठे तुटतो, हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. तेच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्याकडे सपाटीच्या भागात साधारण ५००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३००० आणि २०,००० असे आहेत. वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका (ज्यांना आपण सिस्टर म्हणतो), आरोग्यसेवक, औषध देणारे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आणि अलीकडच्या काळात उपकेंद्रावर बसणारे समुदाय आरोग्य अधिकारी, अशी ही फळी. गावात हजार लोकवस्तीमागे एक आशा. आशा ही योजना २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, नोकरदारासारखा पगार नव्हे. तरीही गावातल्या कोणत्या घरात काय चाललंय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. मी अनेक बैठका पाहिल्या आहेत. आशाताई शेवटच्या रांगेत बसलेल्या असतात आणि त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं जातं, विचारलं तर. मला हे कधीच पटलेलं नाही.

आता ही कल्पना आली कुठून, ते बघू. मुलांना सांगताना मी थेट जामखेडला जातो, कारण आमच्या भागातून ते लांब नाही.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. मोठं हॉस्पिटल बांधून बसणं त्यांना सहज जमलं असतं. पण नुसत्या हॉस्पिटलात बसून गावं निरोगी होत नाहीत हे त्यांना दिसत होतं. जुलाब लागलेलं मूल बरं होऊन घरी जायचं, आणि तेच पाणी पिऊन पुन्हा परत यायचं.

गावात जाऊन बसल्यावर कळलं की लोकांना आधी आरोग्य नको होतं. त्यांना पाणी हवं होतं आणि पोटाला हवं होतं. दुष्काळी मुलूख, दुसरं काय मागणार? तेव्हा पाण्याच्या आणि लहान मुलांच्या खाण्याच्या कामापासून सुरुवात झाली. हातपंपाची गोष्ट तर मुलांना फार आवडते. पंप कुठे बसवायचा हे ठरवताना तो दलित वस्तीत बसेल असं बघितलं गेलं. मग पाणी हवं असेल तर सगळ्यांना तिथेच यावं लागणार! जातीवर भाषण न देता केलेलं हे काम. मुलं आधी हसतात आणि मग शांत होतात. ती शांतता मी मोडत नाही.

टीमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गावात राहून काम करायला आधी शिकलेल्या तरुण नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची एकटी तरुण मुलगी, तिला गावात राहणं अवघड, आणि चार बाळंतपणं झालेली बाई तिचं ऐकणार कशी? तेव्हा गावातूनच सूचना आली की आमच्यातल्याच बाया शिकवा. मग गावाने निवडलेल्या बायका जामखेडला शिकायला येऊ लागल्या. बऱ्याचजणी निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. त्या वर्गात शिकायच्या, गावात जाऊन करून बघायच्या आणि पुन्हा येऊन सांगायच्या की हे जमलं, हे नाही जमलं. आपण शिक्षक प्रशिक्षणाला जातो, तिथे आपल्याला कधी कोणी 'जमलं का?' असं विचारतं का, हे आठवून बघा.

या बायका एकट्या पडू नयेत म्हणून त्यांच्या पाठीशी फिरतं पथक होतं. नर्स आणि समाजकार्यकर्ते गावात यायचे, कार्यकर्तीबरोबर घरोघर जायचे. जे गावात सुटत नाही ते जामखेडच्या दवाखान्यात. म्हणजे काम वाटलेलं होतं, पण रुग्णाची माहिती तुटत नव्हती. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जामखेडचा अनुभव घेतला गेला. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्यामागे जगभरातले असेच अनुभव होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीची गोष्ट मी गणिताच्या तासाला सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम तुम्ही ऐकलंच असेल. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? 'तिला जमणार नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी काय केलं, तर मण्यांची चौकट आणि वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. मुलांना मी दोऱ्यात मणी ओवून हे करायला लावतो, एकमेकांचे श्वास मोजायला लावतो. पुढे याच संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. काम नसलेल्या गावांशी तुलना केली तर तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात ना, त्या फेऱ्यांचं मूळ इथे आहे.

हे सगळं मी वर्गात शिकवत होतो. छान शिकवत होतो असं मला वाटायचं. आणि माझ्याच शाळेत एक मूल या गोलातून कधीच बाहेर पडलं होतं.

पाचवीतला मुलगा. नाव लिहीत नाही. जुलै महिना, परिपाठ चालू होता. तो रांगेतच पडला, हातपाय ताठ झाले, मग झटके. मुलं किंचाळली. कोणीतरी चप्पल आणली, कोणी कांदा आणायला पळालं. एका मोठ्या मुलाने त्याच्या दातात चमचा घालायचा प्रयत्न केला. आणि मी? खरं सांगतो, मी त्याचे हात घट्ट धरून बसलो होतो. यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती हे मला नंतर कळलं.

त्याला आकडीचा त्रास सात वर्षांचा असल्यापासून होता. तालुक्याच्या एका दवाखान्यात गोळ्या चालू झाल्या होत्या, सकाळी एक आणि रात्री एक. गोळ्या घेतल्या की ठीक. पण दरवर्षी दिवाळीनंतर गोळ्या बंद पडायच्या आणि आकडी परत यायची. अशा वेळी आई त्याला घेऊन दवाखान्यात जायची, तेव्हा समोर दर वेळी नवीन माणूस. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी बोलणं खायचं. "गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना? तुम्हीच निष्काळजी." दोन-तीनदा असं झाल्यावर तिने जाणंच सोडलं.

मीही तिला तसाच बोललो, हे लपवत नाही. "ताई, पोराची गोळी का चुकवली?" ती खाली बघत राहिली. आमच्या आशाताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वेगळं विचारलं. "अगं, कारखान्याला गेल्यावर गोळ्या कुठनं आणायची तू?"

मग ती बोलायला लागली. दसरा-दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, न जाऊन चालत नाही. पोरगं बरोबर. दवाखान्यातून गोळ्या मिळतात एका महिन्याच्या. दुसऱ्या महिन्यात त्या संपतात तेव्हा ही परजिल्ह्यात कोपीवर. पहाटे तीनला फडात जायचं, दिवस बुडाल्यावर परत यायचं. जवळचा दवाखाना कुठे हे माहीत नाही, आणि गोळीचं नावही माहीत नाही, कारण जुना कागद पावसात भिजून गेला होता. एक दिवस दवाखान्यात जायचं म्हटलं तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. चार वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. रोग बरोबर ओळखला होता, औषधही बरोबर होतं.

पुढचं श्रेय माझं नाही, आशाताईंचं आहे. त्यांनी उपकेंद्रावरच्या सिस्टरना सांगितलं. त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येणार होतं. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा हे पथक येतं. त्यात दोन डॉक्टर, एक सिस्टर आणि एक औषधनिर्माते असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत आकडीही आहे. आपण बहुतेकदा या भेटीकडे 'आज तास बुडाले' असं बघतो. मुलांना रांगेत उभं करतो, वजन-उंची लिहून घेतो, संपलं. पथक यायच्या आधी वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातल्या दोन-चार मुलांबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या तर केवढा फरक पडतो! कोण फळ्यावरचं बघायला पुढे येतं, कोण धावताना दमतं, कोण बोलता बोलता क्षणभर हरवतं, हे डॉक्टरांना पाच मिनिटांत दिसणार नाही. आपल्याला वर्षभर दिसत असतं.

शाळेच्या ओट्यावर बसलो. पथकाच्या डॉक्टर मॅडम, सिस्टर, आशाताई, मी, मुलाची आई आणि त्याची आजी. वीस-पंचवीस मिनिटं, जास्त नाही. मॅडमनी आधी मुलालाच विचारलं, "तुला काय वाटतं रे?" तो म्हणाला, "मला कोपीवर नाय जायचं. हितंच ऱ्हायचंय." हे त्याच्या आईनेही पहिल्यांदा ऐकलं असावं. पण आईची अडचण होती, आजीला वाचता येत नाही आणि संध्याकाळनंतर दिसत नाही. रात्रीची गोळी कोण देणार?

तिथे बसूनच ठरत गेलं. मुलाला मोठ्या दवाखान्यात पुन्हा नीट दाखवून आणायचं, सोबत मॅडमची चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन आशाताई स्वतः गेल्या, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या. आजाराचं नाव, गोळीचं नाव, किती आणि कधी, हे एका जाड कार्डावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घातलं. एक कार्ड घरी, एक शाळेत, आणि एकाचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये. मूल गावातच राहील, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याचं जेवण शाळेत होईल. सकाळची गोळी तो माझ्यासमोर घेईल. (पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचं लेखी पत्र शाळेच्या फायलीत ठेवल्याशिवाय हे करू नका. शिक्षकाने स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी द्यायची नाही.) रात्रीची आजी देईल. गोळ्या उजेडी काढून आठवड्याच्या पुड्या करून द्यायचं काम आशाताईंनी घेतलं. दर रविवारी रिकाम्या पुड्या मोजायच्या. आजी म्हणाली, "मला दिसत नाय, पण मोजता येतंय की हातानं." मला गडचिरोलीचे मणी आठवले.

त्या हंगामात एकदाच आकडी आली, जानेवारीत. आजी लग्नाला गेली होती आणि दोन रात्री गोळी राहिली. या वेळी वर्गातल्या मुलांना काय करायचं ते माहीत होतं, कारण सिस्टरनी येऊन दाखवलं होतं. तुम्हीही वर्गात हे करून घ्या. आकडी आली की आजूबाजूचं दगड-बाक बाजूला सारायचं, डोक्याखाली दप्तर किंवा कापड, गळ्याचं बटण सैल, आणि कुशीवर वळवायचं. धरून ठेवायचं नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवून काही होत नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा सुरू झालं, किंवा आयुष्यातली पहिलीच आकडी असेल, तर १०८. थांबल्यावर मूल झोपाळतं, त्याला झोपू द्यायचं. त्या दिवशी एका मुलीने घड्याळ बघून मला सांगितलं, "गुरुजी, दोन मिनिटं झाली." कोणी किंचाळलं नाही.

पालकांना एक सांगतो. आकडीच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका, त्याने मोठी आकडी येऊ शकते. अडचण असेल तर डॉक्टरांना अडचणच सांगा. पैसे नाहीत, गावाला जायचंय, सासूबाई देवाचं म्हणतात, जे असेल ते. समोरचा ओरडला तर आशाताईंना सोबत घेऊन पुन्हा जा.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये सिस्टरची बदली झाली आणि पुढचे दीड महिने उपकेंद्रावर कोणी नव्हतं. आशाताईंना या रविवारच्या फेऱ्यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्यांच्या मोबदल्याच्या तक्त्यात हे काम बसत नाही. माझ्या मते ही टीमची सगळ्यात कच्ची बाजू आहे. एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेली गोष्ट तो माणूस गेला की थांबते. जामखेडच्या बायकांच्या पाठीशी पथक होतं, ठरलेल्या दिवशी येणारं. आमच्याकडे नवीन सिस्टर आल्या तेव्हा ते जाड कार्ड होतं म्हणून निभावलं. पहिल्यापासून सांगत बसावं लागलं नाही.

मुलगा आता सहावीत आहे. यंदा दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्याची आई स्वतःहून शाळेत आली, कार्ड घेऊन. गोळ्या कोणत्या तारखेला संपतात ते तिने मोबाईलमध्ये बघून सांगितलं. तिच्याबरोबर टोळीतल्या आणखी दोघी होत्या. एकीच्या मुलीला दम्याचा पंप लागतो. दुसरीचं बाळ चार महिन्यांचं आहे, त्याचे पुढचे डोस कुठे घ्यायचे हे तिला विचारायचं होतं. सिस्टरना आणि आशाताईंना निरोप धाडला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर ओट्यावर बसायचं ठरलंय.